आळशी शिंगाळ्याचा काटा

माक जुलैहाच्या, म्हणजे आमच्या जुलैहा मावशीच्या, हाताखालून मासा गेला की त्याचे तीन काटे गेलेच म्हणून समजा. एक पाठीवरचा, दोन कल्ल्यांमागचे. कापुआस नदीकाठच्या आमच्या गावात शिंगाळा जाळ्यातून सोडवायची पद्धतच ती. आधी काटे मोडायचे, मग मासा काढायचा. नाहीतर काट्यापायी जाळं फाटतं, आणि हाताला लागला तर दोन दिवस भात कालवता येत नाही.

चाळीस वर्षं ती मासे धुरावर वाळवून विकते. सहकारी संस्थेचा कारकून म्हणून धक्क्यावर तिची पाटी मी तेहेतीस वर्षं पाहतो आहे. त्यात एक प्रकार ती नेहमी वेगळा बांधायची. दलदलीतल्या काळ्या ओढ्यात मिळणारा, बुटका, जाळ्यात फारशी धडपड न करणारा. त्याचं नाव तिने ‘आळशी’ ठेवलं होतं. बाकीच्यांना तो साधा शिंगाळाच वाटे. तिचा नवरा तामरिन तर गिऱ्हाइकांना सांगे की म्हातारीला माशांतही सख्खे-सावत्र दिसतात.

बोगोर शहरातून वेनिंग नावाची माशांची संशोधक आली. तिने मात्र जुलैहाचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. जुलैहाने मोठ्या हौसेने अकरा आळशी आणून दिले. वेनिंगने एकेक उलटसुलट करून पाहिला आणि कपाळाला हात लावला. वेगळेपण ठरणार होतं पाठीच्या काट्यावरच्या दात्यांवरून, आणि अकराही मासे बिनकाट्याचे. एक तरी अखंड मासा मिळाला नाही तर ही जात नवी म्हणून मांडता येणार नाही, असं तिने समजावून सांगितलं. तिची लाँच दुसऱ्या दिवशी दुपारी सुटणार होती.

सकाळी जुलैहा ओढ्यावर निघाली. वल्ह्यावर तामरिन, आणि होडीत तिसरा मी. जाळ्यात एकच आळशी होता, आणि त्याचा पाठीचा काटा दोऱ्यांत चांगलाच रुतलेला. जुलैहाचा अंगठा सवयीने काट्यावर गेला. तिने तो मागे घेतला, कमरेला गुंडाळलेल्या सारोंगला पुसला. अंगठा पुन्हा तिथेच गेला. मग तिने हात मांडीखाली दाबून धरला.

“आबांग, सुरी द्या,” ती नवऱ्याला म्हणाली.

“माशाला?”

“जाळ्याला.”

“अगं, विणून महिना नाही झाला.”

“मीच विणलंय ना? तुम्ही होडी धरा.”

तिने माशाभोवतीचा तळहाताएवढा तुकडा कापून काढला. बादलीत सोडताना काटा तिच्या बोटात घुसलाच.

“आणि म्हणे आळशी,” तामरिन म्हणाला, आणि वल्हं मारू लागला.

लाँच सुटण्याआधी वेनिंगने जाळ्याचा हिरवा दोरा बारीक कात्रीने धागा धागा करून सोडवला. काटा शाबूत होता.

दोन वर्षांनी तिचा छापील निबंध आला. मी तो धक्क्यावर वाचून दाखवला. जात नवीच होती. पाठीच्या काट्याला मागच्या कडेने चौदा दाते. जुलैहाने ते पुन्हा वाचायला लावलं. चाळीस वर्षं मोडले, मोजले कधीच नाहीत, असं काहीतरी ती पुटपुटली.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने वेगळ्या जुडीला हात घातला. तामरिनने त्याला थांबवलं.

“साधा शिंगाळा हवा तर इकडचा घ्या,” तो म्हणाला. “तो आळशी. त्याची जातच वेगळी.”

जुलैहा पाटी बांधत होती. तिने मान वर केली नाही, पण गाठ मारायला तिला बराच वेळ लागला.