थेल्माला न मिळालेली लस

थेल्मा क्रोहर्स्ट आमच्या मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळीची स्वयंपाकीण. ऑस्ट्रेलियात वारेगो नदीकाठी टोळी एका शेडवरून दुसऱ्या शेडवर निघाली की तिची भांडीकुंडीही निघायची. मागच्या मोसमाआधी ठेकेदाराने बजावलं, जनावरांपासून होणाऱ्या क्यू तापाची लस घेतल्याशिवाय शेडवर कुणी यायचं नाही. थेल्मा कुरकुरली. मेंढीशी तिचा संबंध यायचा तो तव्यावर.

तरी ती दवाखान्यात गेली. नर्स ब्रॉनवेनने रक्त घेतलं, हातावर चाचणीची बारीक सुई टोचली आणि आठवड्याने बोलावलं. तोवर त्या जागी टणक गाठ आली होती. रक्तही तेच सांगत होतं.

"थेल्मा, तुला लस नाही देता येणार," ब्रॉनवेन म्हणाली. "हा ताप तुला कधीतरी होऊन गेलाय. आता टोचली तर हात भयंकर सुजेल, आजारी पडशील. ठेकेदाराला तसं लिहून देते, म्हणजे शेडवर जाता येईल."

"होऊन गेला, आणि मलाच पत्ता नाही?"

दुसरी कुणी सुटले म्हणून घरी गेली असती. थेल्मा खुर्ची ओढून बसली. ब्रॉनवेनने सांगितलं, जंतू व्यालेल्या जनावराच्या वारेत असतात, रक्तात असतात. वाळले की धुळीत मिसळून श्वासाबरोबर आत जातात, कपड्यांवरून घरापर्यंत येतात. पूर्वी ब्रिस्बेनच्या खाटीकखान्यातले कामगार तापाने पडायला लागले, तेव्हा डॉक्टरांना काही उमगेना. म्हणून त्यांनी तापाचं नावच इंग्रजीत 'क्वेरी', म्हणजे 'प्रश्न', ठेवलं. हा क्यू त्यातलाच. थेल्माला ही गोष्ट फार आवडली.

पण तिचं मन कपड्यांपाशी अडकलं होतं. लग्न नवीन असताना नवरा क्लॅरी खाटीकखान्यात होता. त्याचे कपडे ती झटकून मग टबात टाकायची. त्याच उन्हाळ्यात ती तापाने फणफणली, डोकं फुटायची वेळ आली, अंथरूण घामाने भिजायचं. ताप उतरला, पण पुढे वर्षभर अंगात त्राण नव्हतं. कपडे वाळत घालता घालता ती खालीच बसायची. डॉक्टर फ्लू म्हणाले, सासू कामचुकार म्हणाली.

जेवताना तिने क्लॅरीला हे सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "म्हणजे मीच आणला घरात?"

"तू काय मुद्दाम आणलास? पण मग तुला कसा नाही झाला?"

तो प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना. शेवटी क्लॅरीचीही चाचणी झाली. त्यालाही होऊन गेला होता, साधी शिंकसुद्धा न येता. पुष्कळांचं असंच होतं, ब्रॉनवेन म्हणाली.

परतताना क्लॅरी गाडी चालवत होता. म्हणाला, "त्या वर्षी मीही तुला आळशी म्हणालो होतो."

"म्हणाला होतास. आईच्या सुरात सूर मिसळून."

"आई गेली. मी आहे अजून. चुकलं माझं."



त्या मोसमात पहिल्याच दिवशी ताटं वाढताना तिने एकेकाला विचारलं, घरी तुझे कपडे कोण धुतं? टोळीतला तगडा डेसी ओशाळून म्हणाला, आई. थेल्माने त्याला शनिवारी आईला ब्रॉनवेनकडे न्यायला लावलं. म्हातारीची चाचणी कोरी निघाली, ताप तिला कधी झालाच नव्हता, म्हणून तिला लस मिळाली.