प्लग काढलेल्या कॉम्प्युटरचा मेसेज

इथल्या भुताखेतांच्या किश्श्यांखाली खवचट कमेंट टाकणारी मीच ती... त्यामुळे आज तुम्ही मला धुतलंत तरी तक्रार नाही. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता.

मी अमरावतीला सॉफ्टवेअरचं काम करते. आई-आबा अकोल्याजवळ मळ्यात राहतात, झेंडू-शेवंती लावतात. तिथल्या कॉम्प्युटरवर मी आबांना एक ॲप्लिकेशन करून दिलं — बटण दाबलं की विहिरीवरची मोटर चालू-बंद. त्याच्या बॅकग्राउंडला एक छोटी स्क्रिप्ट असते. ॲप्लिकेशनची खिडकी बंद केली तरी ती मागे चालूच राहते आणि मोटरचं काही बिनसलं की माझ्या मोबाइलवर एकच मेसेज पाठवते — 'मोटरजवळ जा.' अर्थात, कॉम्प्युटर चालू असेल तरच!

गेल्या वर्षीची खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी विळे, फावडी, मोटर सगळ्यांना धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून सुट्टी देतात. आबांनी कॉम्प्युटरलाही तोच मान दिला. सकाळी प्लग काढून वर हार चढवला, मला फोटो पाठवला आणि फुलं विकायला अकोल्याच्या जठारपेठेत जाऊन बसले, ते संध्याकाळीच परतणार होते. आई मळ्यात एकटी. तिला शुगर आहे, तरी नवरात्राचे नऊही दिवस उपवास — डॉक्टर सांगून थकले, मी भांडून थकले.

बाराच्या सुमारास मोबाइल वाजला. 'मोटरजवळ जा.'

मला हसूच आलं. म्हटलं, आईनं प्लग लावला वाटतं. तिला फोन केला. उचलला नाही. दोनदा, तीनदा... मग मात्र आबांना लावला.

"काहून डोकं खाऊन राहिली? प्लग मी सोता काढला. आज त्याले आराम आहे. अन् इथं गिऱ्हाइकाची रांग लागली."

"आबा, आई फोन उचलत नाहीये. आत्ताच्या आत्ता मोटरजवळ जा."

आबा फुलांचा ढीग शेजारच्या फुलवाल्यावर सोपवून स्कूटरवर निघाले. आई मोटरच्या खोलीत आडवी पडली होती. हातात मोटरला घालायचा हार, अंग घामानं चिंब, बोलता येत नव्हतं. शुगर पार उतरली होती. आबांनी गुळाचं पाणी घोट घोट पाजलं आणि दवाखाना गाठला. वाचली.

दुसऱ्या दिवशी मी मळ्यात गेले. प्लग तसाच काढलेला. लावून लॉग उघडला, म्हणजे स्क्रिप्ट काय काय करते त्याची नोंद. आदल्या संध्याकाळच्या ओळी होत्या... आणि मग खंडेनवमीची एकच, ११:५२ची — मेसेज पाठवला. म्हणजे जुना मेसेज उशिरा पोचला म्हणावं, तर तेही नाही! ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. कुणालाच काही सांगता आलं नाही.

आबांना मात्र नवल नाही. "पूजा केली त्याची, तं तेवढं करनच ना थो."

खरं सांगू? आई आहे, एवढ्यातच मी इतकी खूश आहे की आता उत्तर शोधतही नाही. यंदा खंडेनवमीला सकाळीच तिचा फोन आला. तोंडात घास होता.

"उपवास नाही धरला बाई यंदा. दोन पोळ्या खाऊन राहिली. सांगून दे त्या कॉम्प्युटरले — आज माह्यासाठी उठू नको म्हणा."