विचारून करणारे काका

आमचे इन्शुरन्सवाले काका विचारल्याशिवाय कशालाच हात लावत नसत. लॅपटॉप उघडून बसले की आधी चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे. "सुनंदाताई, तुमची फाइल उघडू?" मी मान हलवायची. "मान नको. तोंडाने बोला." मी हो म्हटलं की मगच त्यांची बोटं चालायची. पुढच्या पानावर परत तेच. "पत्ता तोच ठेवू?" "डॉक्टर तेच ठेवू?" एकदा आमचे हे वैतागून म्हणाले, "काका, आमच्या लग्नातसुद्धा हिला कुणी एवढं विचारलं नव्हतं!" काका हसले नाहीत. "म्हणूनच विचारतोय," म्हणाले.

इथे अमेरिकेत, नोव्हाय गावात आमच्या आजूबाजूला सगळे गाड्यांच्या कंपन्यांतले इंजिनियर. त्यांचा इन्शुरन्स कंपनी बघते. आम्ही थोरल्या दिरांनी भरलेल्या ग्रीन कार्डच्या कागदांवर आलेलो. हे इंडियन ग्रोसरीत कामाला, मी घरी पोळ्या करून देते. आमच्यासारख्यांनी मार्केटप्लेस नावाच्या सरकारी वेबसाइटवरून आपला हेल्थ इन्शुरन्सचा प्लॅन आपणच घ्यायचा असतो. मी आठवीत शाळा सोडलेली. ते पान उघडलं की मी हात लांबच ठेवायची. एक चुकीचं बटण दाबलं तर आपल्याला परत पाठवतील, असं वाटायचं. काका मूळचे नागपूरचे, ले-ऑफ झाल्यावर लायसन्स काढून स्वतंत्र एजंट झालेले. त्यांच्या शेजारी बसलं की ती भीती जायची. मी पोळ्यांचा डबा पुढे केला, तर तोसुद्धा "ठेवून घेऊ?" असं विचारून घ्यायचे.

काकांना राग एकाच गोष्टीचा. "नाव, जन्मतारीख मिळाली की बास! कुठल्यातरी कॉल सेंटरमधला एजंट तुमचा प्लॅन बदलून मोकळा. तुम्हाला पत्ताच नाही. चोर साले!" मग पटकन म्हणायचे, "सॉरी हं ताई." याविरुद्ध त्यांनी सरकारला सूचनाही पाठवल्या होत्या. पुढे नियम बदलला. दुसऱ्या एजंटला तुमची फाइल हवी असेल, तर तुम्हाला आणि मार्केटप्लेसला एकाच फोनवर घेऊनच ती घेता येणार. त्या दिवशी काका पेढे घेऊन आले. "आता तुमच्या 'हो'शिवाय कुणी मधे येत नाही. आणि न मागवता इन्शुरन्सचं नवं कार्ड आलं, तर त्याच दिवशी मार्केटप्लेसला फोन करायचा. मराठी बोलणारा माणूस मागायचा. लाजायचं नाही." मी ते पाठ करून ठेवलं.

गेल्या हिवाळ्यात यांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं. त्याच सुमारास एका बाईचा हिंदीतून फोन आला. काकांच्या ऑफिसातून बोलतेय, थोडं अपडेट आहे, मार्केटप्लेसला लाइनवर घेते. काकांचं नाव ऐकल्यावर मी आणखी काय विचारणार? सगळ्याला हो म्हणत गेले. पुढच्या आठवड्यात नवं कार्ड आलं. मागोमाग हॉस्पिटलचा फोन : तुमच्या नव्या प्लॅनमध्ये आमचे सर्जन बसत नाहीत, तारीख रद्द करावी लागतेय.

मी रडतच काकांना फोन लावला. "काका, तुमचं नाव सांगून चोरांनी फसवलं हो आम्हाला!"

 काका म्हणाले, "ताई, ते चोर नाहीत. मी थकलो आता. माझे सगळे क्लायंट त्या बाईच्या एजन्सीला देऊन टाकले. पण प्लॅन बदलतील, असं मला बोलले नव्हते."

"आणि आम्हाला?"

"काय आम्हाला?"

"आम्हाला विचारलंत, काका?"

 "एजन्सीशी बोलतो," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. यांना जिना चढताना धाप लागत होती. काका कधी बोलतील याची वाट बघायला आम्हाला सवड नव्हती.

त्याच दिवशी मी मार्केटप्लेसला फोन केला. मराठी माणूस मागितला, लाजले नाही. पुन्हा पुन्हा फोन करून जुना प्लॅन परत मिळवला. ऑपरेशन उशिरा झालं, पण झालं. देवाच्या कृपेने हे आता चालतात, फिरतात. ज्यांनी दगा दिला, त्यांनीच शिकवलेल्या वाटेने मी यांना वाचवलं, हे मात्र कुठे ठेवावं ते मला अजून कळत नाही. अनोळखी माणसाने फसवलं असतं, तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

पाडव्याला मंडळाच्या जेवणात काका दिसले. श्रीखंड वाढत होते, प्रत्येकाला विचारून. रांगेत माझं ताट पुढे आलं आणि ते थांबले. "वाढू?"

मी तोंड उघडलं, पण 'हो' बाहेर येईना. नुसती मान हलवली. तोंडाने बोला, असं ते या वेळी म्हणाले नाहीत. खाली बघत चमचाभर वाढलं आणि पुढच्या माणसाकडे वळले.

मी येऊन यांच्याशेजारी बसले. बराच वेळ माझं ताट तसंच होतं. शेवटी हे हळूच म्हणाले, "तुझं श्रीखंड घेऊ?"

"घ्या," मी म्हटलं. तोंडाने.