विमलाबाईच्या अंगातला करंट

जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा लोकांनी दारं, छपरावरचे कवेलू, गुरंढोरं सगळं नव्या गावठाणात आणलं. अक्कल तेवढी आणायची राहिली. विमलाबाईचं हे मत जुनंच होतं, यंदाच्या धानाच्या रोवण्यात ते पक्कं झालं.

छातीच्या कॅन्सरसाठी नागपूरला तिला पंचवीस वेळा मशीनखाली झोपवलं. डॉक्टर त्याला रेडिएशन म्हणायचे, वॉर्डातल्या बाया शेक म्हणायच्या. शाळेत शिकवणारी तिची सून दीपमाला पुस्तकातला विकिरण हा शब्द सांगायची. गावाने मात्र करंट म्हणायचं ठरवलं, आणि गावाने एकदा ठरवल्यावर डॉक्टरला कोण विचारतो? कातडीवर शाईने आखलेल्या रेघा पुसू नका असं दवाखान्यात बजावलं होतं, म्हणून ती जपून अंघोळ करायची. त्या रेघांतूनच करंट बाहेर पडतो, हा शोध शकुनबाईने लावला. शकुनबाई चौथी नापास.

ही शकुनबाई रोवणा करणाऱ्या बायांची म्होरकी. वीस वर्षं दोघींनी शेजारी शेजारी वाकून धानाचे पऱ्हे लावले होते. उपचार संपून आठ महिने झाले, डॉक्टरांनी कामाला हरकत नाही म्हटलं, तशी विमलाबाई पदर खोचून घनश्यामच्या शेतात, धानाच्या बांधीवर गेली. शकुनबाईने धुऱ्यावरच, शेताच्या बांधावरच, हात आडवा केला.

"तू धुऱ्यावरच बस. तुह्या आंगातून किरणं निघून राहिले. लेकुरवाळ्या बाया हायेत इथं."

"मशीन बंद झाली का किरणं खतम. बटन बंद केल्यावर बल्ब उजेड देते का?"

"मी व्हिडिओ पाहिला ना," घनश्याम म्हणाला. शेत त्याचं, मोबाईल त्याचा, म्हणजे विज्ञानही त्याचंच.

चहा आला. सगळ्यांना स्टीलचे गिलास, विमलाबाईला कागदी कप, तोही दुरून सरकवलेला. वेगळ्या भांड्याच्या गोष्टी तिने सासूच्या तोंडून ऐकल्या होत्या. सासूच्या वेळी निदान कोणी विज्ञानाचं नाव घेत नव्हतं. कप तिथेच ठेवून ती घरी आली आणि दीपमालाजवळ बसून रडली. रडली याचा तिला नंतर फार राग आला.

पुढच्या आठवड्यात पाऊस जमला, साऱ्या शिवारात एकदम रोवणे लागले आणि शकुनबाईच्या निम्म्या बाया दुसऱ्या गावी पळाल्या. घनश्यामचे पऱ्हे रोवण्यावाचून पिवळे पडायला लागले. तो विमलाबाईच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"आता तर करंट उतरला असन, विमलाबाई. सकाळी येता का?"

बाया कमी पडल्या की किरणं विझतात, हे काही दीपमालाच्या पुस्तकात नव्हतं.

"येतो," ती म्हणाली. "पण चहा सगळ्यांच्या गिलासात."

दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर तिने स्टीलचा गिलास उचलला, सावकाश अर्धा चहा संपवला आणि उरलेला शकुनबाईपुढे धरला.

"घे. वीस वर्षं माह्या गिलासातला घेतलाच ना."

शकुनबाईने घनश्यामकडे पाहिलं. घनश्याम पिवळ्या पऱ्ह्यांकडे पाहत होता. शेवटी तिने डोळे मिटून गिलास तोंडाला लावला. शेवटचा घोट गळ्याखाली उतरेपर्यंत विमलाबाई हलली नाही.

"आता तुह्याबी आंगात गेला," ती म्हणाली, आणि चिखलात उतरून रांगेच्या मधोमध, आपल्या जुन्या जागी उभी राहिली.