हद्दीचा दगड

शेत मोजायला मी ट्रेनिंगमध्ये शिकलो. धुरा, म्हणजे शेताची हद्द, दाखवायला शिकलो ते पुसेगावकडच्या एका रानात, रक्त बघून.

सरकारी मोजणीच्या नोकरीला सहा महिने झाले होते, अंगात मस्ती होती. दोन सख्ख्या भावांच्या शेतांमधला धुरा मोजायचा होता. मोजून झालं, तेव्हा थोरला पाच हात आत सरकलेला निघाला. शहाणा माणूस कागद गुंडाळून आधी पाणी प्यायला असता. मी उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! थोरल्याच्या पायाखालच्या धसकटांवर बोट रोखून ओरडलो, "हे सगळं धाकट्याचं आहे."

धाकटा हसला, एवढंच. थोरल्याची कुऱ्हाड बाभळीला टेकलेली होती. पहिला घाव धाकट्याने उजव्या हातावर झेलला, दुसराही त्याच हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग मोजणीची साखळी टाकून पळालो. लिहायला लाज वाटते, पण पळालोच. गावकऱ्यांनी त्याला जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं. तो जगला, हात मात्र खांद्यापासून काढावा लागला. थोरला तुरुंगात गेला. मला कोणी जाबसुद्धा विचारला नाही.

पुढची वर्षं मार खातच शिकलो. औंढ्याकडे एकाने डोक्यात ढेकूळ घातलं. गोरेगावच्या शिवारात एका बाईने विळा घेऊन मला रस्त्यापर्यंत पिटाळलं. हळूहळू माझी रीत बसली. कुऱ्हाडी-विळे आधी माझ्या गाडीत जमा. निकाल तोंडाने सांगायचा नाही, बोट तर दाखवायचंच नाही. भांडणाऱ्या दोघांनी मिळून हद्दीचा दगड उचलायचा आणि मी उभा राहीन तिथे आणून ठेवायचा. दोन्ही हात दगडाखाली अडकले की माणसाला मारता येत नाही, आणि दगड ठेवेपर्यंत दमून निम्मा राग उतरतो. तेव्हापासून माझ्या मोजणीत रक्त सांडलं नाही. ऑफिसात मी हे मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

गेल्या उन्हाळ्यात त्याच रानाची मोजणी पुन्हा निघाली. थोरला शिक्षा भोगून आला होता आणि येताच त्याने धुरा नांगरून टाकला होता. आता माझ्याकडे मशीन होतं, काम तासाभराचं. थोरल्याची नजर मात्र तीच होती. सवयीने हत्यारं गाडीत ठेवून घेतली आणि सवयीनेच हुकूम सोडला, "चला, दोघांनी मिळून दगड उचला."

धाकटा जागचा हलला नाही. त्याच्या शर्टाची उजवी बाही दुमडून पिन लावलेली होती.

"कशानं उचलू साहेब?" तो म्हणाला. "तुमचं बोट हाय अजून. माझा हात न्हाई."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. थोरला दगडाच्या एका टोकाशी वाकला. दुसऱ्या टोकाला धाकट्याने डावा हात घातला. मी त्याच्या उजव्या बाजूला उकिडवा बसलो आणि दोन्ही हात दगडाखाली घातले.