एकाचाही नकार नाही

"मावशी, प्रभाआत्या गेली. शांतपणे गेली हो..." महिन्यापूर्वी प्रभाच्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. त्या 'शांतपणे'चा राग अजून उतरलेला नाही. उभ्या जन्मात ही बाई कशालाही शांतपणे हो म्हणाली नव्हती.

तरुणपणी गंगापूर रोडवर एका दवाखान्याच्या माडीवर आमचं छोटं ऑफिस होतं, कारखान्यांना प्रोग्रॅम लिहून देणारं. मी गणितात पहिली आलेली. केसांत अबोली आणि डोक्यात हवा. शेजारच्या टेबलावर प्रभा. तिनं एक चिमुकलं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एकच काम करणारा तुकडा, लिहिलं होतं. त्याला उत्तरांची यादी द्यायची, ते एकेक तपासणार. शून्य, रिकामी जागा किंवा 'नाही' असं एक जरी सापडलं, की नकार. नाहीतर होकार. सिन्नरच्या एका कारखान्यात पत्रा दाबणारं मशीन सुरू व्हायच्या आधी, हात आत जाऊ नये म्हणून बसवलेल्या जाळ्या लागल्यात ना, हे तेच तपासायचं; यादीत प्रत्येक जाळीचं एक उत्तर.

प्रभानं त्यात एक ओळ जास्तीची घातली होती: यादीच रिकामी आली, तर नकार. मला हसू फुटलं. "अगं, यादीत कुणी नाहीच, तर नाही म्हणणार कोण? म्हणजे सगळे हो. पहिल्या वर्षाला शिकवतात हे."

"पुस्तकात बरोबर आहे तुझं. पण मशीनखाली पुस्तकाचा हात नसतो, बाई."

मी फळ्यावर सिद्ध करून दाखवलं, हातातल्या खडूसकट मिरवले. साहेबांना पटलं, ओळ गेली. पुढे एकदा जाळ्यांकडून येणारी वायर उंदरांनी कुरतडली. यादी रिकामी आली, फंक्शननं छानपैकी होकार दिला आणि जाळी उघडी असताना मशीन दणकन खाली आलं. कामगार तेवढ्यात तंबाखू मळायला वळला होता, म्हणून हात वाचला. प्रभानं कुणाला न विचारता ओळ परत घातली. साहेब कुरकुरले, मशीन उगाच अडतंय म्हणून तक्रारी येतील.

"येऊ देत की," ती म्हणाली. "कुणी बोललंच नाही, तर सगळं ठीक आहे असं धरायचा हक्क आपल्याला कुणी दिला?"

आणि ती गेल्यावर तिच्याच घरी, मी भेटायला गेले तेव्हा, भाचा चहा फिरवत जो येईल त्याला सांगत होता, "शेवटपर्यंत एक तक्रार नाही आत्याची. वर तिच्या उशाशी बेल दिली होती, दाबली की खाली वाजते. एकदाही वाजली नाही." माना डोलत होत्या. कशाला डोलत होत्या?

"वर जाऊन विचारायचास का रे तिला?"

"गरजच नाही पडली, मावशी. बेल होती ना."

गुडघे सांभाळत मी जिना चढले. खोली लख्ख पुसलेली, चादर ताठ. उशाशी ते पांढरं बटण... मधोमध मळकं झालेलं, अंगठ्याएवढं. मी दाबलं. मग दाबूनच धरलं. खालून कपबशांचे आवाज येत होते. दुसरं काही नाही.