मिस्त्रीला विचारून घेतलेली गाडी

मंडळी, आज परभणीत सूनबाईसोबत नवी गाडी बघायला गेलो. बिघडली तर काय, विचारलं. विक्रेता म्हणाला, "काका, बॉनेट उघडायचंच नाही. नांदेडला कंपनीच्या वर्कशॉपात न्यायची."

मला आमचं मानवत गाव आठवलं. निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं. बाबांना काळी अन् निळी अशा दोन जुन्या गाड्यांतली एक घ्यायची होती. ते थेट मिस्त्रीकडं गेले.

तो म्हणाला, "काळी लय येती माज्याकडं दुरुस्तीला, हितंच नीट हुती. निळी येतच न्हाई, पन बिगडली तर सामान हैदराबादचं."

बाबांनी काळी घेतली! आई महिनाभर धुसफुसली.

पुढं मी तापानं फणफणलो. दवाखान्यात नेताना काळी शिवेवरच बंद पडली. निरोप मिळताच मिस्त्री सायकल दामटत आला अन् गाडी लगेच सुरू झाली.

तुमची गाडी बंद पडली, तर सायकलवर कोण येईल?